डीकनेस व्हायचंय? खानदेशातून निघणाऱ्या मुलींसाठी

नंदुरबार, नवापूर, शहादा, अमळनेर इकडच्या मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, गेले की उपासनेनंतर एखादी मुलगी हळूच बाजूला येते. "ताई, डीकनेसचा कोर्स कुठे असतो? फी किती?" मी तिला आधी उलटं विचारते, "तुला पाठवणारी मंडळी कोणती?" बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर तयार नसतं. ल्युथरन चर्चमध्ये, म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाच्या शिकवणीवर चालणाऱ्या चर्चमध्ये, डीकनेस व्हायची वाट सांगणारा हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे. आधी मंडळी, मग कॉलेज, हा क्रम चुकला की पुढची चार वर्षं हातातून जातात. पदवी मिळते, पण काम कुठे करायचं ते कळत नाही. तशा दोन-तीन मुली माझ्या ओळखीच्या आहेत. हुशार होत्या, अभ्यासही मनापासून केला. परत आल्यावर त्यांना कुणीच बोलावलं नाही, कारण जाताना त्यांना कुणी पाठवलंच नव्हतं.

डीकनेस म्हणजे नेमकं कोण, हे आधी घरच्यांना नीट सांगता यायला हवं. "पोरगी नन होणार का?" हा प्रश्न आजी विचारणारच. नन नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल ज्या फिबीची शिफारस करतो, ती किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका होती. तिथला मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', म्हणजे सेवा करणारी व्यक्ती. त्यावरूनच डीकन आणि डीकनेस हे शब्द आले. मधली अनेक शतकं हे काम पश्चिमेकडच्या मंडळ्यांत मागे पडलं होतं. 1836 साली जर्मनीत कैसर्सवर्थ या लहानशा गावी थिओडोर फ्लीडनर नावाच्या पाळकाने आणि त्याची पत्नी फ्रिडरिके हिने ते पुन्हा उभं केलं. डॉक्टरच्या घरात वाढलेली गर्ट्रूड राइशार्ट ही त्यांची पहिली डीकनेस. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1851 मध्ये इथेच तीन महिने शिकायला राहिली होती, हे नर्सिंग केलेल्या मुलींनी ऐकलेलं असेल. पुढे बव्हेरियातल्या नॉयेनडेटल्साउ गावी विल्हेल्म लोहे या ल्युथरन पाळकाने 1854 मध्ये असंच घर सुरू केलं आणि ल्युथरन मंडळ्यांत ही सेवा पक्की रुजली.

त्या काळी डीकनेस अविवाहित राहून 'मातृगृहात' एकत्र राहायच्या, गणवेश घालायच्या, ठरावीक वर्षांचा शब्द द्यायच्या. जन्मभराची शपथ मात्र तेव्हाही नव्हती. अशा शपथांवर मार्टिन ल्यूथरचा आक्षेपच होता. आज कितीतरी ल्युथरन चर्चेसमध्ये विवाहित डीकनेस आहेत. तुम्ही ज्या चर्चमध्ये जाणार तिथला नियम काय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. लग्नाचा विषय काढायला मुली लाजतात आणि मग दुसऱ्या वर्षी घरून स्थळ आलं की रडारड होते.

पाळक आणि डीकनेस यांच्या कामातला फरकही ध्यानात घ्या. वचनाचं जाहीर प्रवचन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही पाळकाची जबाबदारी. डीकनेस त्याच वेदीपासून निघते आणि आजाऱ्याच्या खाटेपर्यंत, विधवेच्या चुलीपर्यंत, संडे स्कूलच्या पोरांपर्यंत पोहोचते. काही ल्युथरन चर्चेस स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देतात, काही देत नाहीत. तुमच्या मनात पाळक होण्याची ओढ असेल तर ती आत्ताच ओळखा. पाळकपद मिळत नाही म्हणून डीकनेस होऊ नका. हे काम दुसऱ्या नंबरचं समजून केलं तर वर्षभरात मन कडू होतं.

सुरुवात: एक वर्ष आपल्याच गावात

कुठलाही अर्ज भरण्याआधी बारा महिने आपल्या मंडळीत ठरवून सेवा करा. पाळकसाहेबांना आणि पंचांना सांगून करा, म्हणजे उद्या शिफारसपत्र लिहिताना त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असेल. आठवड्यातून दोन घरभेटी, एक संडे स्कूलचा वर्ग आणि महिन्यातून एकदा दवाखान्यात चक्कर, एवढं पुरे. भेटीची नोंद वहीत ठेवा. तारीख, घर कोणतं, काय लागत होतं, पुढच्या वेळी काय न्यायचं, इतकंच लिहा. लोकांची गुपितं वहीत लिहायची नाहीत.

माझी पहिली घरभेट मी अजून विसरलेले नाही. तापीकाठच्या एका गावात एक म्हातारी खाटेवर पडून होती. मी रात्री बसून अख्खा अध्याय तयार करून नेला होता. बसले, बायबल उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. ती डोळे मिटून ऐकतेय असं मला वाटलं. पंधरा-वीस ओव्या झाल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पहिले पानी दे व माय." घरातले सगळे कापूस वेचायला गेलेले. तांब्या खाटेपासून चार हातांवर होता आणि सकाळपासून तिला तो घेता आला नव्हता. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी पाणी दिलं, तोंड पुसलं. मग दिसलं की नखं वाढून तळहातात रुतताहेत. ती कापली. त्यानंतर तिनेच तेविसावं स्तोत्र म्हणायला सांगितलं आणि माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हणालीही. पुढे सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, 'वचन आणि सेवा' यावर कितीतरी तास शिकले, पण तो धडा मी त्या खाटेपाशी आधीच घेतला होता. तेव्हापासून घरात शिरल्यावर माझी नजर आधी तांब्याकडे जाते.

खानदेशात हे वर्ष घालवताना इथली दुखणी डोळसपणे बघा. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि मागे म्हातारी माणसं नि पोरं राहतात. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे, कुपोषण आहे. घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी ओळख करून घ्या, त्यांना सगळं ठाऊक असतं. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे. आजाऱ्यांच्या सेवेची ओढ असेल तर तिथे जाऊन, रीतसर परवानगी मागून, वॉर्डातलं काम कसं चालतं ते पाहायला मिळालं तर बघा. आणि एक गोष्ट मनात पक्की असू द्या. मदत करताना समोरच्याचा धर्म विचारायचा नाही आणि मदतीच्या बदल्यात काहीही मागायचं नाही.

ल्युथरन म्हणजे काय, ते प्रामाणिकपणे तपासा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आपल्याकडच्या मुलींची खरी अडचण इथेच येते. खानदेशातल्या कितीतरी मंडळ्या अलायन्स मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या आहेत. जळगाव-भुसावळ पट्टा घ्या किंवा नंदुरबार-धुळ्याकडचा, आपण लहानपणापासून शिकलो ते असं की, समजत्या वयात विश्वास कबूल करायचा आणि मग पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा. ल्युथरन मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. आपण प्रभुभोजनाला आठवणीचं भोजन म्हणतो. ल्युथरन मंडळी मानते की त्या भाकरीत आणि द्राक्षारसात प्रभूचं खरं शरीर आणि खरं रक्त दिलं जातं. उपासनाही ठरलेल्या विधीने चालते. पापांगीकार, क्षमेची घोषणा, विश्वासांगीकार, वर्षभराचे ठरलेले पाठ, पाळकाचा झगा, मेणबत्त्या. टाळ्या वाजवत गाणाऱ्या मंडळीतून गेलेल्या मुलीला पहिले काही रविवार चुकल्यासारखं होतं.

यातलं काही 'चालवून घेऊ' असं म्हणू नका. डीकनेस म्हणून उद्या तुम्हाला एखाद्या आईला सांगायचं आहे की तिच्या बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे देवाने स्वतः केलेलं काम आहे. तुमचाच त्यावर विश्वास नसेल तर त्या आईला ते कळतं. ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली, 1529 सालची, आधी मिळवा. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन असे तिचे भाग आहेत. लहानसं पुस्तक आहे, दोन तासांत वाचून होतं, पण तसं वाचू नका. रोज एक प्रश्न घ्या, पाठ करा आणि त्यावर घरच्या पाळकांशी बोला. 1530 चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार, त्याची अठ्ठावीस कलमं, नंतर वाचलीत तरी चालेल.

वाचून मन तयार झालं तर एक धास्ती मनातून काढून टाका. तुमचा बाप्तिस्मा पुन्हा होणार नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा ल्युथरन चर्च मान्य करतं, मग तो तापीच्या पात्रात झालेला असो की चर्चमधल्या टाकीत. शिकवणीनंतर मंडळीसमोर विश्वास कबूल करून सभासद होता येतं. मन तयार झालं नाही, तर तेही देवासमोर प्रामाणिकपणे मान्य करा. आपल्याच मंडळ्यांना शिकलेल्या सेविकांची गरज आहे आणि खाली सांगितलेल्या पुण्याच्या सेमिनऱ्या तुमच्यासाठीही आहेत.

कुठल्या चर्चकडे जायचं

भारतातल्या बऱ्याच ल्युथरन चर्चेसचं एक मोठं एकत्र मंडळ आहे, युनायटेड इव्हॅन्जेलिकल ल्युथरन चर्चेस इन इंडिया. त्याचं कार्यालय चेन्नईला आहे. आपल्याला जवळची म्हणाल तर सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातली इव्हॅन्जेलिकल ल्युथरन चर्च, केंद्र छिंदवाडा. स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून ती उभी राहिली आणि तिचा कारभार हिंदीत चालतो. आपल्या मुलींना भाषेच्या दृष्टीने हे सर्वांत सोपं. भुसावळहून इटारसी आणि तिथून पुढे, एवढाच प्रवास. त्याखेरीज गुंटूरची आंध्र इव्हॅन्जेलिकल ल्युथरन चर्च, तमिळनाडूतली तमिळ इव्हॅन्जेलिकल ल्युथरन चर्च आणि रांचीची गॉसनर चर्च आहे. दक्षिणेत इंडिया इव्हॅन्जेलिकल ल्युथरन चर्चही आहे, अमेरिकेतल्या मिझूरी सिनड या ल्युथरन चर्चच्या मिशनकार्यातून आलेली.

हुद्द्याचं नाव सगळीकडे एकच असेल असं समजू नका. कुठे डीकनेस म्हणतात, कुठे सिस्टर, कुठे नुसतं सेविका, कुठे जुनं 'बायबल वूमन' अजून चालतं. म्हणून पत्रात "डीकनेसची जागा आहे का?" असा एका ओळीचा प्रश्न पाठवू नका. तुमची साक्ष, शिक्षण, वर्षभर केलेली सेवा आणि पाळकांचं पत्र जोडा. मग विचारा की तुमच्या चर्चमध्ये स्त्रियांसाठी सेवेची कोणती पदं आहेत, त्यांचं प्रशिक्षण कुठे होतं, उमेदवार म्हणून स्वीकारायची रीत काय. उत्तर यायला वेळ लागतो. महिनाभराने पुन्हा लिहा. जमलं तर आई-वडिलांना बरोबर घेऊन एकदा जाऊनच या. समोर बसून बोललेलं शंभर पत्रांना भारी पडतं, आणि आई-वडिलांनी जागा डोळ्यांनी पाहिली की त्यांच्या मनातली अर्धी भीती जाते.

इंटरनेटवर डीकनेस प्रशिक्षण शोधलं की शिकागो, सेंट लुइस, फोर्ट वेन इथल्या अमेरिकी संस्था आधी दिसतात. चांगल्या संस्था आहेत, मिझूरी सिनडच्या डीकनेस तिथे घडतात. पण तो मार्ग त्यांच्या मंडळ्यांना सेविका देण्यासाठी आखलेला आहे. शहाद्याच्या मुलीने थेट तिथे अर्ज करण्यापेक्षा इथल्या चर्चची उमेदवार होणं शहाणपणाचं. पुढे चर्चनेच पाठवलं तर गोष्ट वेगळी.

अभ्यास

चर्चने उमेदवार म्हणून स्वीकारलं की कॉलेज बहुधा तेच सुचवतात. चेन्नईत किल्पॉकला गुरुकुल ल्युथरन थिऑलॉजिकल कॉलेज आहे. शिकवणं इंग्रजीत, पदवी सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेची. नागरकोइलला कॉन्कॉर्डिया सेमिनरी आहे. महाराष्ट्रात राहून पाया घालायचा असेल तर पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र. इथे मराठीतून शिकता येतं, ही आपल्यासाठी मोठी गोष्ट. पुण्यातच युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती 1983 मध्ये यवतमाळहून पुण्याला आली. या दोन्ही ल्युथरन नाहीत, म्हणून ल्युथरन शिकवण चर्चकडून वेगळी घ्यावी लागेल. घर सोडता येत नसेल तर सेरामपूर सिनेटचे घरून करायचे अभ्यासक्रमही आहेत. सुरुवात म्हणून ते उपयोगी पडतात, सेविका घडायला मात्र तेवढ्याने भागत नाही.

अभ्यासात काय असतं? जुना आणि नवा करार, मंडळीचा इतिहास, ल्युथरन विश्वासांगीकार, उपासनाविधी. हे पाळक होणाऱ्या मुलांबरोबरच शिकायचं असतं. त्याखेरीज समुपदेशन, आजाऱ्यांच्या आणि मरणासन्न माणसांच्या भेटी, बायकामुलांमधलं काम, मुलांना शिकवण्याची पद्धत. मग प्रत्यक्ष सेवेचा काळ येतो. एखाद्या मंडळीत, दवाखान्यात किंवा वसतिगृहात, कुणा अनुभवी सेविकेच्या हाताखाली काही महिने किंवा वर्षभर. हा काळ कमी करून मागू नका. आपल्याला सगळं येतं असं वाटत असतानाच कुणीतरी रोज संध्याकाळी शांतपणे विचारतं, "आज त्या बाईला तू बोलू दिलंस का, की तूच बोललीस?" हा प्रश्न पुस्तकात भेटत नाही.

इंग्रजीची भीती सगळ्यांना असते. निघण्यापूर्वी सहा महिने रोज एक पान इंग्रजी बायबल मराठीशेजारी ठेवून वाचा. शब्द ओळखीचे होतात. आणि आपली अहिराणी, भिल्ली, आदिवासी कोकणी, पावरी जपून ठेवा. धडगावच्या पाड्यावर मरणाच्या दारात असलेल्या माणसाला तुमचं इंग्रजी लागणार नाही.

नर्सिंग झालेल्या मुलींसाठी वेगळं सांगते. जीएनएम किंवा बीएस्सी असेल तर ती मोठी शिदोरी आहे, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. नर्सिंग केलेलं नसेल तर घरभेटीत इंजेक्शन, सलाइन, औषधाचा डोस यांना हात लावायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेणं, तिथे रांगेत उभं राहणं, डॉक्टरांनी सांगितलेलं घरच्यांना पुन्हा समजावणं, यातही फार मोठं काम आहे.

पैसे, कागद आणि सुरक्षितता

बहुतेक कॉलेजांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून कागदांना नाताळानंतर लगेच लागा. मार्कशीटा, शाळा सोडल्याचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचं आणि पंचांचं शिफारसपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, आधार, फोटो. बाप्तिस्म्याचा दाखला आधी शोधा, जुनी रजिस्टरं सापडायलाच वेळ जातो. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. मुलाखतीत "देवाने तुला कसं बोलावलं?" हे विचारतातच. पाठ केलेली साक्ष देऊ नका. वर्षभराच्या वहीतलं एक घर सांगा.

फीचा भार चर्च, कॉलेजची शिष्यवृत्ती आणि घर असा वाटून घेतला जातो. कोण किती देणार ते लेखी घ्या. चर्च खर्च करत असेल तर त्या बदल्यात किती वर्षं सेवा द्यायची तेही लेखी घ्या. शिकून झाल्यावर मिळणारं मानधन बेताचंच असतं हे घरी आधीच सांगा, म्हणजे पुढे बोलणी खावी लागत नाहीत. नेमणुकीच्या वेळी राहायची खोली, प्रवासखर्च, प्रॉव्हिडंट फंड, रजा आणि तुमच्या कामावर देखरेख कुणाची, हे स्पष्ट विचारा. देवाचं काम आहे म्हणून हिशेब विचारू नये असं कुणी म्हणालं तर नम्रपणे, पण विचाराच.

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील अशा कॉलेजात आणि कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती कोणती, तिच्यात कोण आहे, हे पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या. रात्रीच्या भेटीला एकटीने जाऊ नका. लोक तुमच्यापाशी मन मोकळं करतील, ते तुमच्याजवळच राहिलं पाहिजे. मात्र अठरा वर्षांखालच्या एखाद्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गप्प राहता येत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "घरातली गोष्ट आहे, प्रार्थना करा" असं म्हणणारे भेटतील. प्रार्थना करा आणि कळवाही.

निघताना

चेन्नईला जाणार असाल तर नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ तिन्ही ठिकाणी थांबते आणि गाडी न बदलता पोहोचवते. गुंटूरला जायचं तर तिच्यानेच विजयवाड्याला उतरा. आरक्षण आधी करा, जूनमध्ये गर्दी असते. मिरचीचा ठेचा आणि कळण्याच्या पिठाची पिशवी आई देणारच, न्या. पहिले दोन महिने भात खाऊन पोट कुरकुरतं आणि भाकरीच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. तसं झालं म्हणजे पाचारण, देवाचं बोलावणं, खोटं होतं असा अर्थ काढू नका. त्या रात्री कुणालाही "मी परत येते" असा फोन करू नका. नाताळच्या सुट्टीपर्यंत थांबा आणि मग ठरवा.

अभ्यास आणि प्रत्यक्ष सेवा पूर्ण झाली की चर्चची समिती पुन्हा भेटते. शिकवणीबद्दल, स्वभावाबद्दल, तब्येतीबद्दल विचारते. मग नेमणूक ठरते आणि उपासनेत मंडळीसमोर समर्पणविधी होतो. पाळक किंवा बिशप प्रश्न विचारतात, तुम्ही "देवाच्या साहाय्याने, होय" म्हणता. त्या रविवारी गावाकडची माणसं बोलवा. ज्यांच्या घरी पहिल्या वर्षी गेला होता त्यांनाही बोलवा आणि त्यांच्या येण्याजाण्याची, जेवणाची सोय आधीच करून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या पिशवीत बायबल, प्रश्नोत्तरावली, वही, स्वच्छ रुमाल, पाण्याची बाटली आणि नेलकटर ठेवा.